थुंकीच्या डबीपासून उंबरठ्यापर्यंत

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसांनी फोन केला तेव्हा आम्ही म्हटलं, डॉक्टरांना बोलवा, आम्ही साधे डिप्लोमावाले लॅबचे लोक. ते म्हणाले, डॉक्टर दरवर्षी बोलतात. म्हणून आज उभे आहोत. विषय टीबीचा, म्हणजे क्षयरोगाचा. त्यातही आमच्या माणसांचा जास्त.

आमचं काम थुंकीच्या डबीपासून सुरू होतं. दोन नमुने लागतात, एक समोर दिलेला आणि दुसरा पहाटे उठल्या-उठल्या घेतलेला. पुष्कळ जण संकोचानं नुसती लाळ देतात. लाळेत जंतू सापडत नाहीत, खोल खोकून काढलेला बेडका हवा. हे नीट समजावलं नाही तर पुढची सगळी मशीन फुकट. सीबीनॅट मशीन साधारण दोन तासांत सांगतं की टीबी आहे की नाही, आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही. पण ते मशीन रुग्णाच्या घरी जाऊन सांगत नाही.

हे आम्ही चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्या दवाखान्यात एका आजोबांचा नमुना पॉझिटिव्ह आला. आम्ही रजिस्टरात लाल शाईनं नोंद केली, रिपोर्ट ओपीडीच्या ट्रेमध्ये ठेवला. आमचं काम झालं! डॉक्टर रजेवर होते. एएनएम सिस्टर लसीकरणात होत्या. ट्रीटमेंट सुपरवायझर दोनदा शोधायला गेले, पण फॉर्मवर पत्ता होता ‘मंदिराच्या मागे’. आता इंदुरात मंदिरामागे कोण राहत नाही? अकरा दिवस गेले. प्रत्येकाचं रजिस्टर चोख होतं, आणि आजोबा घरी नातवाला मांडीवर घेऊन खोकत होते. शेवटी आशाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अहो, ते तर आमच्या गल्लीतले, मला सकाळीच भेटले! नातवाला तपासलं, त्यालाही औषध सुरू करावं लागलं. ते पोर तीन वर्षांचं होतं. आमच्या खोलीत त्या दिवशी कोणी चहा घेतला नाही.

तेव्हापासून पॉझिटिव्ह रिपोर्ट आला की आम्ही कागद ठेवण्याआधी फोन करतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास सगळे एकत्र बसतो. डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट, सुपरवायझर, आशाताई. सुरुवातीला आशाताई दाराशीच उभ्या राहायच्या. त्यांच्यासाठी खुर्ची आणायची कुणाला सुचलं नव्हतं, खोटं कशाला बोला.

आता आपल्या घरातली गोष्ट. आपल्याच समाजातली एक सून, नाव अर्थातच नाही सांगणार. खासगी डॉक्टरांनी निदान केलं आणि नियमाप्रमाणे सरकारला कळवलं. खासगीत उपचार घेतले तरी सरकारी औषध मोफत मिळतं, पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. (२०१८ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ५०० होते.) पण सासूबाईंनी निरोप पाठवला, आशाताईंना वाड्यात पाठवू नका, लोक विचारतील. मग सून मंडईत पिशवी घेऊन यायची आणि आशाताई तिथे औषध द्यायच्या. भाजीत मेथी आणि मेथीखाली गोळ्या.

वजन ४१ किलो, म्हणजे रोज ३ गोळ्या. दुसऱ्या महिन्यात वजन वाढायला हवं होतं, ते दीड किलो घटलं. डॉक्टरांना वाटलं औषध लागू पडत नाही. फार्मासिस्टच्या हिशोबात पाकिटं बरोबर संपत होती. उलगडा केला आमच्या सफाईवाल्या मावशींनी. त्या जवळच राहतात, वाड्यातही कामाला जातात. म्हणाल्या, साहेब, आपल्या दवाखान्यातल्यासारख्या गोळ्या तिथल्या कचऱ्यात दिसतात.

आशाताईंनी मंडईतच हळूच विचारलं. उपाशीपोटी घेतलं की ओकारी येते, आणि लघवी केशरी होते, म्हणून पोरगी घाबरली होती. रिफॅम्पिसिननं रंग बदलतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हे पहिल्या दिवशी सांगायचं काम कुणाचं, ते आमच्यात ठरलंच नव्हतं. डॉक्टरांना वाटलं सिस्टर सांगतील, सिस्टरना वाटलं डॉक्टरांनी सांगितलं असेल. डॉक्टरांनी ओकारीचं औषध दिलं, गोळ्या घेण्याची वेळ बदलली, पुन्हा तपासून उपचार मार्गी लावले. सिस्टर स्वतः सासूबाईंशी बोलल्या, मराठीत, माहेरच्या गप्पा काढून. ते आम्हां पुरुषांना जमलं नसतं.

उपचार संपताना शेवटचा नमुना आमच्याकडे आला. तो सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावा लागतो, कारण सीबीनॅट मेलेले जंतूही दाखवतं. शंभर जागा पाहिल्या. मग पुन्हा पाहिल्या. एकही जंतू नव्हता. आम्ही आधी फोन केला तो आशाताईंना.

गेल्या गणपतीत सासूबाईंनी त्यांना आरतीला बोलावलं. आशाताई वाड्यात पुढच्या दारानं गेल्या.