पाण्याखालची मोजणी



मागे पडद्यावर जो कागद दिसतोय तो एका खडकाचा नकाशा आहे. लांबी १६० मीटर, रुंदी कुठे ४०, कुठे ६०. खडक मालवण तालुक्यात आहे, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरून तिथे पोचता येतं, होडी लागत नाही. उपग्रहाच्या चित्रात तिथे नुसता निळा रंग दिसतो. नकाशा काढायला आम्हा दोघींना तीन हंगाम लागले. त्यावर दिशा आहे, मोजपट्टी आहे, खोलीचे आकडे आहेत. अक्षांश-रेखांश मात्र नाहीत. ते विसरलेले नाहीत, त्याबद्दल पुढे बोलते.

मी वाढले बडोद्यात, नोकरीला इंदूरला. म्हणजे समुद्राशी संबंध फक्त आजोळचा, मे महिन्यापुरता. बाबा जमिनीची मोजणी करायचे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर साखळीचं दुसरं टोक धरून बांधावर उभी राहिलेय. चाळिशीत डायव्हिंग शिकले आणि पहिल्यांदा हा खडक खालून पाहिला, तेव्हा वाटलं, याची चतुःसीमा कुणी लिहिली असेल का?

किनाऱ्यावरून डाइव्ह म्हणजे ऐकायला सोपं. प्रत्यक्षात पाठीवर सिलिंडर, कमरेला शिसं, असं वीस-पंचवीस किलोंचं ओझं घेऊन शेवाळलेल्या कातळावरून उतरायचं. लाटा मोजायच्या, दोन मोठ्या गेल्या की निघायचं, कमरेएवढ्या पाण्यात फिन्स चढवायच्या आणि मग पाठमोरं चालायचं. अकरा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार हवा. ५० राखीव ठेवायची. आठ मीटरवर दाब वातावरणाच्या १.८ पट, म्हणून हवाही तितकी जास्त लागते. हाती उरतात पंचेचाळीसेक मिनिटं, आणि त्यातली दहा-बारा पोहत जाण्यायेण्यातच जातात.

खाली डोळ्यावर भरवसा ठेवता येत नाही. पाण्यातून मास्कच्या काचेत शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे चार मीटरवरची वस्तू तीन मीटरवर वाटते आणि मोठीही दिसते. मालवणला चांगल्या दिवशी सहा-सात मीटरवरचं दिसतं, वाईट दिवशी स्वतःचा हात लांब केला तर बोटं धूसर. अशा पाण्यात नकाशा काढायची साधनं जुनीच: होकायंत्र, मीटरची टेप, प्लास्टिकची पाटी आणि शिसपेन्सिल. शाई चालत नाही, पेन्सिल मात्र पाण्याखाली सुरेख लिहिते. टेप कमी पडली तर पायांच्या झटक्यांनी अंतर मोजायचं. त्यासाठी आधी ३० मीटर टेप अंथरून झटके मोजले. जाताना २४, येताना ३१. प्रवाहाचा फरक. मग सरासरी.

पहिल्या हंगामाचं सगळं काम फुकट गेलं. खडकाचा माथा एका डाइव्हला ३.१ मीटर खोल, दहा दिवसांनी तोच माथा ४.६. मी बडोद्याला फोन लावला. बाबा म्हणाले, "तुझा बेंचमार्क कुठे आहे?" मी म्हटलं, पाण्याचा पृष्ठभाग. ते बराच वेळ हसले. भरती-ओहोटीचं पाणी दिवसातून दोनदा वर-खाली होतं, उधाणाला तर इथे दोन मीटरच्या आसपास, आणि मी त्यालाच जमीन धरून बसले होते! तेव्हापासून डाइव्हच्या आधी आणि नंतर जवळच्या धक्क्याच्या ठरावीक पायरीवर पट्टी लावून पाणी वाचायचो. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरतीची कोष्टकं छापतं, त्यात मुरगावचे आकडे आहेत, तेही जुळवून बघायचो. आजोळी एक हिशोब सांगतात, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ढोबळ आहे, पण कोष्टक घरी विसरलं तर उपयोगी.

दुसरी चूक माझ्या टॉर्चची. खडकाभोवती फेरी मारून सुरुवातीच्या जागी आलो की कागदावरही रेघ तिथेच मिटायला हवी. ती मिटेना. दर वेळी नऊ-दहा मीटर बाहेर. टॉर्चच्या बटणात लोहचुंबक असतं आणि मी टॉर्च होकायंत्राच्याच हातात धरत होते. असो.

आता जे सांगायचं म्हणून आले, ते.

दुसऱ्या हंगामात, जानेवारीत, आम्ही दक्षिणेकडचं टोक मोजत होतो. माझी मैत्रीण टेपचं टोक घेऊन पुढे, मी मागे पाटी घेऊन. दिसत होतं जेमतेम तीन मीटर. टेपला दोन झटके आले. आमच्या खुणांत दोन झटके म्हणजे 'आकडा घे'. मी आकडा घेतला. पुन्हा झटके आले, तीन-चार, वेडेवाकडे. मला वाटलं, टेप दगडाला घासतेय. मी दिशा लिहिली, खोली लिहिली, शेजारच्या प्रवाळाचा आकारही काढला. मग मान वर केली आणि ती दिसेना.

नियम असा की एक मिनिट शोधायचं आणि वर यायचं. मी टेप धरून पुढे गेले. अकरा मीटरवर ती सापडली. नायलॉनच्या टाकून दिलेल्या जाळ्यात एक फिन आणि पाठीमागे सिलिंडरचा व्हॉल्व्ह, दोन्ही अडकलेलं. फिनचं तिने स्वतः कापलं होतं. पाठीमागचं तिला दिसतही नव्हतं आणि हातही पोचत नव्हता. मी कापलं. वर आलो तेव्हा तिच्या मीटरवर ३० बार होते.

किनाऱ्यावर तिने पाटी मागितली. मी लिहिलेलं सगळं वाचलं. आकडा, दिशा, खोली, प्रवाळाचं चित्र. म्हणाली, "हे सगळं तू झटक्यांनंतर लिहिलंस?" मी हो म्हटलं. पुढचे तीन आठवडे तिने फोन उचलला नाही.

ती परत आली ती अट घेऊन. लिहिणारीने फक्त लिहायचं नाही, दर दोन श्वासांनी मान वर करायची. टेपचे झटके बंद, दोघी एकमेकींना दिसतील इतक्याच अंतरावर राहायचं. दिसत नसेल त्या दिवशी पाण्यात जायचंच नाही. त्यामुळे तिसऱ्या हंगामात आमचे निम्मे दिवस किनाऱ्यावर बसून गेले.

त्याच दिवसांत एका रापणकाकांशी ओळख झाली. मी नकाशा त्यांच्यापुढे पसरला. त्यांनी तो उचलला आणि फिरवून ठेवला. "गो बाय, तुझो नकाशो उलटो आसा." त्यांना जमीन समोर लागते. ते दर्यातून किनाऱ्याकडे बघतात. मग बोटाने दक्षिणेचं टोक दाबून म्हणाले की हे इथे नाही, आणखी बाहेर आहे. देवळाचा कळस आणि दोन माड एका रेघेत आले की जाळं फाटतं, हे त्यांना वडिलांपासून ठाऊक. मी जीपीएसचा दाखला दिला. ते गप्प बसले. घरी येऊन हिशोब केला. जीपीएस होता तरंगत्या डब्यात, डब्याची दोरी १५ मीटर, खोली आठ. दोरी तिरकी ओढली गेली तर डबा माझ्या डोक्यावर नसतो, बारा-तेरा मीटर बाजूला असतो. काका बरोबर होते.

त्या टोकाला त्यांच्याकडे नाव आहे. ते मी इथे सांगत नाही, कारण नावावरून जागा कळेल. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, साधारण २९ चौरस किलोमीटर, पण हा खडक त्याच्या हद्दीबाहेर आहे. दगडी प्रवाळाला २००१ पासून कायद्याचं संरक्षण आहे, वाघाच्याच अनुसूचीत. नांगर टाकणाऱ्याला ते वरून दिसत नाही. नकाशाची बातमी लागल्यावर एका पर्यटन व्यावसायिकाने जागेचे आकडे विकत मागितले, बरे पैसे देऊ केले. मी नाही म्हटलं. मैत्रीण म्हणाली की आकडे वनविभागाला द्यायचे, आणि काकांना. काकांनी कागद घेतला नाही. त्यांना फक्त जाळी कुठे अडकलीत एवढं हवं होतं.

ती आम्ही तांबड्या खुणांनी दाखवली आहेत. एकूण सात. चार गेल्या वर्षी काकांच्या होडीतून जाऊन काढली, थोडी थोडी कापून. पाचवं, ज्यात ती अडकली होती, अजून तिथेच आहे. त्यावर प्रवाळ वाढायला लागलंय, आणि ते काढायचं की ठेवायचं यावर आमचं दोघींचं अजून एकमत झालेलं नाही.