तीन अंकांचे कुलूप

(एका पालक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. वक्त्या काही वर्षे अमेरिकेत वास्तव्यास होत्या. – सं.)



'लॉकर' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे बँकेतील दागिन्यांची कपाटे उभी राहतात. आज मी ज्या लॉकरविषयी बोलणार आहे त्यात दागिने नसतात. त्यात जाडजूड पुस्तके, घामट गणवेश आणि विसरलेले डबे असतात. तरीही अमेरिकेतील पालकांच्या लेखी तो दागिन्यांच्या लॉकरहून कमी मोलाचा नाही.

तेथील शिक्षणव्यवस्थेत पाचवीपर्यंत बहुधा मूल एकाच वर्गात, एकाच शिक्षिकेच्या छायेत असते. साधारणतः सहावीत 'मिडल स्कूल' सुरू होते आणि सारे चित्र पालटते. आपल्याकडे तास संपला की शिक्षक वर्ग बदलतात. तेथे विद्यार्थी वर्ग बदलतात. दोन तासांच्या मधल्या चार-पाच मिनिटांत शेकडो मुले मार्गिकेतून धावत असतात. पुस्तके बहुधा शाळेची, जाड पुठ्ठ्याची, वजनदार. ती ठेवण्यासाठी भिंतीलगत पोलादी कपाटांची रांग असते. प्रत्येकाला वीतभर रुंदीचे एक कपाट मिळते आणि त्याला फिरत्या तबकडीचे कुलूप असते. आकडे तीन, आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. एक घर चुकले की सारे पहिल्यापासून. अकरा वर्षांच्या मुलाला मोठे झाल्याची पहिली जाणीव हे कुलूप करून देते.

या कपाटाच्या आतल्या बाजूस आवडत्या खेळाडूचे चित्र चिकटवणे ही तेथील मुलांची जुनी हौस आहे. मित्राच्या वाढदिवशी त्याच्या लॉकरला रंगीत कागद गुंडाळणे हीसुद्धा मुलांनी मुलांसाठी चालविलेली गंमत. परंतु २०१० नंतरच्या काळात या हौसेची बाजारपेठ झाली. चुंबकाने चिकटणारा भिंतीचा कागद, तळाशी अंथरायचा गालिचा, आरसा, इतकेच नव्हे तर बॅटरीवर उजळणारे इवलेसे झुंबर! शाळा उघडण्यापूर्वी माता-पिता हे साहित्य घेऊन शाळेत येतात आणि लॉकर सजवितात.

मी हे परक्यांचे दोष दाखविण्यासाठी सांगत नाही. मी स्वतः त्या रांगेत उभी होते. २०१३ साली माझी कन्या सहावीत गेली. परक्या देशात आपले मूल उणे पडू नये, ही परदेशस्थ मराठी आईच्या काळजातली सल मलाही होती. मी कागद आणला, गालिचा आणला, झुंबरही आणले. मापे घेऊन दोन तास खपले. माझी मुलगी शेजारी कात्री धरून उभी होती. काम संपल्यावर मी छायाचित्र काढले आणि भारतात तिच्या आजीला पाठविले.

पहिल्या दिवशी मुलगी घरी आली ती खांद्यावर सगळी पुस्तके घेऊन. तिला कुलूप उघडता आले नव्हते. त्या दुपारी ते मीच उघडले होते, मीच लावले होते आणि आकड्यांची चिठ्ठी जपून माझ्या पर्समध्ये ठेवली होती. दिवसभर ती ओझे वाहत वर्गावर्गांत उशिरा पोहोचली. रागावली नाही, रडली नाही. एवढेच म्हणाली, "आई, मला झुंबर नको होतं गं. कुलूप उघडायला यायला हवं होतं."

तिच्या शेजारचा लॉकर उघडाबोडका होता. त्या मुलीची आई दुकानात पाळीवर काम करणारी. सजावटीच्या दिवशी तिला येता आले नव्हते. मात्र सुट्टीत तिने लेकीला तसेच एक कुलूप आणून दिले होते आणि ती पोर महिनाभर ते फिरवत बसली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीला कुलूप उघडायला तिनेच शिकविले.

मित्रहो, त्या रात्री मी स्वतःला विचारले, मी कोणासाठी सजवीत होते? प्रेम होते, यात शंका नाही. परंतु त्या प्रेमात माझी भीती मिसळली होती, आणि माझी प्रतिष्ठाही. शिवाय माझ्या झुंबराच्या उजेडात शेजारच्या मुलीचे रिकामे कपाट अधिक रिकामे दिसेल, याचा विचार मी केलाच नव्हता. काही शाळांनी अशा सजावटीवर मर्यादा घातल्या, त्यामागचे एक कारण हेच होते.

बालशिक्षणाच्या क्षेत्रात हा विचार नवा नाही. १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडल्यानंतर मारिया माँटेसरी यांनी मुलांच्या हाताला पोहोचतील अशी बुटकी कपाटे ठेवली. मोठ्यांची अनावश्यक मदत ही मुलाच्या वाढीतील अडसर ठरते, हे त्यांच्या पद्धतीचे सार. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ते आपल्या मातीत रुजविले. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा महागडी साधने बाजूला सारून परिसरातील वस्तूंनाच शिक्षणाची साधने केले.

आपल्या जुन्या पिढीला वसतिगृहात जाणाऱ्या मुलाची पत्र्याची ट्रंक आठवत असेल. वडील झाकणावर नाव रंगवून आणीत, आई तळाशी लाडवांचा डबा ठेवी. परंतु एस.टी. सुटताना किल्ली मुलाच्या हाती दिली जाई, आणि तो ती करगोट्यात वा जानव्यात अडकवी. त्या क्षणापासून ट्रंक त्याची. लाडू कधी संपवायचे, कोणाला द्यायचे, हा त्याचा प्रश्न.

आपल्याकडेही आता काही शाळांत लॉकर येत आहेत. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे, असे महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ठरविले. २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणातही तेच प्रमाण आहे. लॉकर आले तर पाठीवरचे ओझे उतरेल, त्याचे स्वागतच आहे. पण लॉकर नसतानाही आपण मुलांची कपाटे सजवीतच असतो! शाळेचा प्रकल्प रात्री जागून वडील करतात. दिवाळीचा किल्ला मुलांनी चिखलात हात घालून करायचा, तर आपण तयार किल्ला विकत आणून अंगणात ठेवतो. बुरूज सुबक असतो. मुलाची नखे मात्र स्वच्छ राहतात.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. मुलासाठी काही करायला घेण्यापूर्वी त्याला विचारा. त्याने केलेले वाकडे दिसले तर सरळ करायला धावू नका. आणि जी गोष्ट त्याला उद्या एकट्याने करायची आहे, ती आज त्याच्याकडून चार वेळा करवून घ्या.

माझ्या मुलीने पुढे झुंबर काढून टाकले. गालिचा ठेवला, कारण त्यावर डबा वाजत नसे. दारावर तिने स्वतः आजीचे एक पत्र लावले, थोडे तिरकेच. ते सरळ करावे असे मला फार वाटले होते. मी हात मागे घेतला.