सातबाऱ्यावर नसलेली माणसे



वर्धा जिल्ह्याइतकी कागदोपत्री नोंद झालेले जिल्हे देशात थोडेच असतील. १९३६ साली गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास आले. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीचा ऐतिहासिक ठराव वर्ध्यातच झाला. पवनारला विनोबा होते. पत्रे, ठराव, छायाचित्रे सारी जतन झाली आहेत. तथापि या नोंदी कोणी व कोणाविषयी केल्या, असे विचारले की त्यांतील उणीव ध्यानात येते. १९२८ साली जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. दार उघडणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच झाले. परंतु त्या दारातून प्रथम आत पाऊल टाकणाऱ्यांना काय वाटले, हे त्या प्रसिद्ध कथेत येत नाही.

आठवणी हा पुरावा कसा, असा आक्षेप घेतला जातो. माणूस सालात चुकतो, हे खरे. ती चूक दप्तर पाहून दुरुस्त करता येते. पण दप्तराची चूक कोणी दुरुस्त करावी? २००६ सालच्या पंतप्रधान पॅकेजमधील सहा जिल्ह्यांत वर्धा होता. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाची मदत देताना जमीन कुटुंबाच्या नावावर आहे काय, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे आहे काय, हे पाहिले जाई. मक्त्याने कसणारा भूमिहीन, नातेवाइकांकडून उसनवारी करणारा, या रकान्यांत बसत नाही. तो ‘अपात्र’ ठरतो. त्याची विधवा तर शेतकरी म्हणून मोजलीच जात नाही. पेरणी, निंदणी, वेचणी तिची. सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे. तिचा कष्टाचा हिशेब तिच्या तोंडूनच लिहून घ्यावा लागेल.

हे काम अशक्य नाही. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. सभेतील ‘महिलांची प्रचंड उपस्थिती’ या शब्दांआड दडलेल्या बाया त्यामुळे नावानिशी समोर आल्या.

कार्यकर्त्यांनी मात्र काही पथ्ये पाळली पाहिजेत. सांगणाराची संमती घ्यावी. त्याची वऱ्हाडी बोली ‘शुद्ध’ करू नये. नाव उघड झाल्याने मजुरी वा घर जाणार असेल, तर ते गाळावे. लिहिलेले त्याला वाचून दाखवावे व एक प्रत गावातच ठेवावी. पक्षाच्या ठरावाला पोषक तेवढेच वेचून घेणे, ही तर सावकारीच होय.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेणारी, तेव्हा विशीत असलेली माणसे आज नव्वदीला टेकली आहेत. त्यांच्यापाशी जाण्यास फार वर्षे उरलेली नाहीत. पुढल्या मोर्चाची तयारी अवश्य व्हावी. पण ज्यांच्यासाठी मोर्चा निघतो, त्यांचे म्हणणे आधी ऐकून घेतलेले असावे.