डोंगरमाथ्यावरचे अजिंक्यपद

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा गेला बाजार मराठेशाहीचा इतिहास, असा एखादा विषय असावा ही श्रोत्यांची अपेक्षा रास्तच आहे. तेव्हा फुटबॉलचे नाव ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील, तर त्यात त्यांचा दोष नाही. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसे. मुंबईच्या जुन्या मंडळींना कूपरेजचे मैदान आणि 1891 साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा आठवत असेल. पण एकंदरीत फुटबॉल म्हणजे बंगाल्यांचा आणि गोवेकरांचा खेळ, अशीच आपली समजूत. ही समजूत अगदी निराधार नव्हती, हे आकड्यांवरूनच दिसते. 1996-97 साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि 2007-08 पासून तिचे रूपांतर आय-लीगमध्ये झाले. तेव्हापासून 2016 पर्यंत एकूण वीस अजिंक्यपदे लढवली गेली. त्यांतली नऊ गोव्याच्या क्लबांनी नेली, सात कोलकात्याच्या दोन क्लबांनी. उरलेल्या चारांपैकी एक पंजाबच्या जेसीटीला, एक मुंबईच्या महिंद्र युनायटेडला आणि दोन बंगळुरूला मिळाली. ईशान्य भारताच्या वाट्याला शून्य!

एकविसावे अजिंक्यपद मात्र मिझोरामच्या ऐजॉल या डोंगरी गावच्या क्लबाने पटकावले. त्या 2016-17 च्या हंगामाची हकीकत आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत. ती खेळाची आहे, तशीच ती घरापासून दूर जाऊन परक्या मातीत पाय रोवणाऱ्या माणसांचीही आहे. म्हणूनच ती या व्यासपीठावर सांगण्याजोगी आहे, असे आम्हांला वाटते.

प्रथम त्या गावाची थोडी ओळख करून घेऊ. 2011 च्या जनगणनेनुसार सगळ्या मिझोरामची लोकसंख्या अकरा लाखांच्या आत होती, आणि ऐजॉलची तीन लाखांच्या आत. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाहून मोठे, पण जिल्ह्याच्या शहरांत मध्यम गणले जाईल, एवढाच त्याचा विस्तार. घरे डोंगराच्या उतारावर एकीच्या खांद्यावर दुसरी अशी रचलेली. सपाट जमीन म्हणाल तर औषधालासुद्धा नाही. अशा ठिकाणी फुटबॉलचे मैदान करणे हेच एक दिव्य! तरीही मुआलपुई येथे डोंगरमाथ्यावर राजीव गांधी स्टेडियम उभे राहिले आणि त्यावर कृत्रिम हिरवळ अंथरली गेली.

या प्रदेशाने पुष्कळ सोसले आहे. वीस वर्षांचे बंड, त्याचा बंदोबस्त, गावेच्या गावे उठवून दुसरीकडे वसवणे, हे सारे भोगल्यावर 30 जून 1986 रोजी करार झाला आणि 1987 च्या फेब्रुवारीत मिझोराम हे भारतातील तेविसावे राज्य बनले. तिथल्या समाजाची घडी टिकली ती मुख्यत्वे चर्च आणि यंग मिझो असोसिएशन यांच्यामुळे. ही दुसरी संस्था 1935 सालची. कुणाच्या घरी मर्तिक झाले, दरड कोसळली, आग लागली, की तिचे कार्यकर्ते न बोलावता हजर होतात. स्वतःची गैरसोय सोसून दुसऱ्याच्या उपयोगी पडणे, याला त्यांच्या भाषेत खास शब्द आहे आणि तो त्यांच्या समाजधर्माचा गाभा मानला जातो. लोकांच्या बळावर संस्था चालवण्याची ही सवय फुटबॉलच्याही कामी आली. 2012 साली मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली, आणि दोनच वर्षांनी, 2014 मध्ये, मिझोरामने अंतिम सामन्यात रेल्वेचा 3-0 असा पराभव करून संतोष करंडक जिंकला.

ऐजॉल फुटबॉल क्लबची स्थापना 1984 ची. 2015 साली दुसऱ्या श्रेणीत पहिला येऊन तो आय-लीगमध्ये चढला, आणि पहिल्याच हंगामात नऊ संघांत आठवा येऊन पुन्हा खाली ढकलला गेला. नववा आलेला पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स संघ नवागत म्हणून नियमाने सुरक्षित होता. त्यामुळे आठव्यावर कुऱ्हाड पडली. गंमत अशी, की त्याच 2016 च्या मे महिन्यात हा पदच्युत संघ फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तिथे मोहन बागानने त्याचा 5-0 असा धुव्वा उडवला, हे खरे. पण या मुलांत पाणी आहे, हे जाणकारांच्या लक्षात आले होते.

पुढे जे घडले त्यात दैवाचाही हात होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. देशातील फुटबॉलची नवी रचना आणि तीत इंडियन सुपर लीगला मिळणारा अग्रमान यांच्या निषेधार्थ गोव्याचे साळगावकर व स्पोर्टिंग हे जुने क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो क्लबही दूर राहिला. जागा रिकाम्या झाल्या आणि ऐजॉलला परत बोलावणे आले. दरवाजा कुणी उघडला हे महत्त्वाचे खरे, पण आत गेल्यावर काय केले, हे त्याहून महत्त्वाचे.

क्लबाचे प्रमुख रॉबर्ट रॉयटे यांनी या वेळी प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांना बोलावले. त्यांचा जन्म कुवेतमधला. खेळाडू म्हणून महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या मुंबईच्याच क्लबांतून ते खेळले, आणि पुढे सात वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. 2016 मध्ये त्या क्लबाने त्यांना निरोप दिला. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा हा गृहस्थ, हाताला काम नाही अशा अवस्थेत, ज्या राज्याची भाषा येत नाही, जिथले जेवण वेगळे आणि हवा वेगळी, अशा ठिकाणी जाऊन दाखल झाला. आपल्यापैकी किती जणांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी अशीच एक ट्रंक आणि वळकटी घेऊन या गावचे स्टेशन पाहिले असेल, हे आम्ही सांगायला नको.

संघाची बांधणीही पाहण्याजोगी होती. कणा स्थानिक मिझो तरुणांचा: बचावफळीत झोमिंगलियाना राल्टे आणि लालरुआथारा, पुढे विल्यम लालनुनफेला आणि ब्रँडन वानलालरेमडिका. मुंबईहून आला जयेश राणे, हा आपल्यातलाच. आशुतोष मेहता तर मुंबईत जमील यांच्याच हाताखाली खेळलेला. गोलरक्षक अल्बिनो गोम्स गोव्याचा. मध्यरक्षक महमूद अल आमना सीरियाचा. त्याच्या मायदेशी तेव्हा यादवी धुमसत होती. अल्फ्रेड जारयान लायबेरियाचा आणि आघाडीचा कामो बायी आयव्हरी कोस्टचा. इतक्या ठिकठिकाणच्या माणसांची एका डोंगरावर मोट बांधायची, आणि तीही तुटपुंज्या पैशात, हे सोपे काम नव्हते. त्या वेळच्या वृत्तपत्रांनी क्लबाचा हंगामाचा खर्च दोन कोटी रुपयांच्या आसपास असल्याचे छापले होते. बड्या क्लबांच्या मानाने ही रक्कम किरकोळच होती.

जमील यांनी चमत्काराची भाषा केली नाही. त्यांचा धडा जुनाच होता: प्रथम बचाव भक्कम करायचा, प्रत्येकाने धावायचे, आणि मिळालेली संधी दवडायची नाही. आठवड्यामागून आठवडे गुण साचत गेले. घरच्या मैदानावर गावच्या गाव लोटे. त्या उंचीवर, त्या कृत्रिम हिरवळीवर, त्या आवाजात बाहेरचे संघ बावरून जात. तरीही मार्च उजाडेपर्यंत ही पोरे केव्हातरी दमतील, असेच बहुतेकांचे मत होते. ती दमली नाहीत.

22 एप्रिल 2017 रोजी मोहन बागान ऐजॉलला आला. मोहन बागान म्हणजे काय चीज आहे हे सांगण्यासाठी 1911 सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी अनवाणी खेळणाऱ्या बंगाली तरुणांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा 2-1 असा पराभव करून आयएफए शील्ड जिंकली होती. गोऱ्या सोजिरांना नमवणारा तो संघ शंभर वर्षांनंतर स्वतःच फुटबॉलचा सम्राट बनला होता, आणि आव्हान देणारे आता दुसरेच होते. सामना कोंडल्यासारखा चालला. 83 व्या मिनिटाला राल्टेने उंच उडी घेऊन डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. 1-0! आता शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी साधली तरी अजिंक्यपद निश्चित होते.

तो शेवटचा सामना 30 एप्रिलला शिलाँग येथे, शिलाँग लाजाँग या ईशान्येच्याच शेजारी संघाशी होता. ऐजॉलहून शिलाँगचा रस्ता दरडी-घाटांचा, कंबरडे मोडणारा. तरी हजारो मिझो लोक तो तुडवून आले. नवव्याच मिनिटाला लाजाँगच्या दिपांडाने गोल केला. त्या हंगामात त्याने सर्वांहून अधिक, अकरा गोल केले होते. तिकडे कोलकात्यात मोहन बागान चेन्नई सिटीशी खेळत होता. तो जिंकला आणि ऐजॉल हरला, तर सारे मुसळ केरात जाणार होते. मध्यंतरापर्यंत बरोबरी झाली नाही. अखेर 67 व्या मिनिटाला लालनुनफेलाने ती साधली. उरलेली वीस-पंचवीस मिनिटे त्या हजारो लोकांनी कशी काढली असतील, याची कल्पनाच केलेली बरी. शिट्टी वाजली तेव्हा फलक 1-1 दाखवत होता.

तिकडे मोहन बागान जिंकला होता; पण त्याचा आता उपयोग नव्हता. अठरा सामने, अकरा विजय, चार बरोबरी, तीन पराभव. ऐजॉलचे गुण 37, मोहन बागानचे 36. एका गुणाने राजधानी हलली! लेंगपुई विमानतळापासून गावापर्यंत डोंगरी रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून लोकांनी संघाचे स्वागत केले. त्या मिरवणुकीत मुंबईकर प्रशिक्षक, गोवेकर गोलरक्षक आणि सीरियाचा मध्यरक्षक यांना कोणी परका मानले नाही. आणि दैवाचा खेळ असा, की त्याच हंगामाच्या तक्त्यात अगदी तळाशी, दहावे नाव होते मुंबई एफसीचे.

इथे थांबलो असतो तर हकीकत गोड झाली असती. पण ती अर्धीच झाली असती. देशाचा विजेता संघ पुढच्या वर्षी सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या स्पर्धेत खेळेल, असे साध्या माणसाला वाटेल. तसे घडले नाही. इंडियन सुपर लीगचे दरवाजे तेव्हा गुणांनी उघडत नव्हते, पैशांनी उघडत होते. ऐजॉलने अर्ज-विनंत्या केल्या, उपोषणाची भाषाही झाली. उपयोग झाला नाही. 2018 च्या जानेवारीत आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात इराणच्या झोब आहनकडून संघ 3-1 असा हरला. जमील व अल आमना ईस्ट बेंगॉलला गेले, राणे कोलकात्याच्या एटीकेला, लालरुआथारा केरळला. 2019 पासून आय-लीग अधिकृतपणे दुसऱ्या पायरीवर गेली. तिथला विजेता वर चढण्याची वाट 2023 मध्ये प्रथम उघडली; पण तोवर ऐजॉलची ती पिढी पांगून गेली होती.

मग या अजिंक्यपदाचे मोल काय? आम्ही या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला. गेल्या काही वर्षांत बंद पडलेल्या क्लबांची यादी डोळ्यांपुढे आणावी. महिंद्र युनायटेड 2010 मध्ये गेला, जेसीटी 2011 मध्ये. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स 2017 नंतर दिसेनासे झाले. यांतल्या कोणालाही ऐजॉलइतकी पैशाची चणचण नव्हती. पण मालकाचे मन उडाले, हिशेब जुळेना, की कुलूप लागले. आणि कुलूप लागल्यावर रडायला फारसे कोणी आले नाही. ऐजॉल क्लब मात्र विजयानंतरही, उपेक्षेनंतरही, खेळाडू निघून गेल्यानंतरही खेळत राहिला. कारण तो कुणा एकाच्या खिशावर उभा नव्हता, गावावर उभा होता.

खालिद जमील यांचीही कथा तिथे संपली नाही. ज्यांना एका शहराने निरोप दिला होता, त्यांची 2025 च्या ऑगस्टमध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. त्या पदाची वाट मुआलपुईच्या डोंगरावरून गेली, हे विसरता येणार नाही.

बंधुभगिनींनो, आपले मंडळही पन्नास वर्षे असेच उभे आहे. त्याला कुणी धनिक मालक नाही. वर्गणीची पावतीपुस्तके, गणेशोत्सवातली सतरंजी उचलणारे हात, नाटकाच्या तालमीला कचेरीतून परभारे येणारी माणसे, हेच त्याचे भांडवल. आपली मुले ज्या मातीत वाढली त्या मातीचा संघ ती आपला मानतात. शनिवारी संध्याकाळी ती स्थानिक क्लबासाठी घसा कोरडा करतात आणि वडीलधाऱ्यांना चुकचुकल्यासारखे होते. आम्ही म्हणतो, होऊ नये. जयेश राणे ऐजॉलसाठी धावला म्हणून तो मुंबईचा राहिला नाही, असे कोण म्हणेल? ज्या गावाने आपल्याला भाकर दिली त्या गावासाठी जीव तोडून खेळणे आणि आपली बोली घरात जागती ठेवणे, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

लहान गावचा, लहान पैशाचा संघ एका हंगामापुरता सर्वांहून उंच उभा राहिला. नंतर त्याची पायरी खाली ढकलली गेली. पण 2016-17 च्या तक्त्यातली पहिली ओळ कोणालाही खोडता येत नाही. आपल्या मंडळाच्या वहीतही अशा काही ओळी पडल्या आहेत. पुढील पन्नास वर्षांत त्यांत भर पडो, अशी इच्छा व्यक्त करतो.