लघुलहरींवरची गाणी

१९५० नंतरच्या त्या दशकात बुधवारी रात्रीचे आठ वाजत आले, की पुष्कळ घरांत जेवणाची पाने थोडी लवकरच मांडली जात. ग्वाल्हेर असो, बडोदे असो वा नागपूर, जेवण आटोपून मंडळी रेडिओभोवती जमत. ज्यांच्या घरी रेडिओ नसे ती शेजाऱ्यांच्या ओटीवर, नाहीतर एखाद्या हॉटेलासमोर उभी राहत. घरातला जाणता मुलगा हलक्या हाताने काटा फिरवून कोलंबो शोधून देई. लहर मध्येच खोल जाई, खरखर वाढे आणि ऐन अंतऱ्यात गाणे बुडे. मग अमीन सयानी यांचा आर्जवी आवाज पुन्हा वर आला, म्हणजे सर्वांचा जीव भांड्यात पडे.

आपल्याच देशातली गाणी ऐकण्यासाठी समुद्रापलीकडे का जावे लागे, हे आज अनेकांना ठाऊक नसेल. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. गृहस्थ व्यासंगी, अभिजात संगीताचे कट्टर अभिमानी. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. गाण्यांवर मर्यादा आली. चित्रपटाचे नाव उच्चारणे ही जाहिरात ठरली. निर्माते रुसले, त्यांनी परवानगी काढून घेतली आणि आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ नाहीशी झाली. केसकरांना नुसते अरसिक म्हणून मोकळे होणे अन्यायाचे होईल. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला आणि थोर गवयांचे गाणे खेडोपाडी पोचले. परंतु अभिरुची हुकुमाने घडत नाही. खात्याने दार लावून घेतले, तेव्हा श्रोत्यांनी काटा फिरवला.

रेडिओ सिलोनने ही संधी अचूक साधली. डिसेंबर १९५२ मध्ये ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दात घासण्याच्या पेस्टीची जाहिरात एवढेच तिचे व्यावहारिक प्रयोजन! आरंभी सात गाणी ऐकवीत आणि त्यांचा क्रम श्रोत्यांनी लावून पाठवावा, असे सांगत. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली, असे सयानी सांगत असत. पुढे अभ्रकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले झुमरी तलैया हे बिहारमधले (आताच्या झारखंडातले) आडगाव केवळ गाण्यांच्या फर्माइशींमुळे देशभर माहीत झाले. ज्याला सभेत कोणी विचारीत नव्हते, त्याने एका पोस्टकार्डावर आपली आवड नोंदवली. या गाण्यांविषयीच्या जिव्हाळ्यात त्या पोस्टकार्डाचा वाटा मोठा आहे.

गंमत अशी, की जी गाणी हलकी म्हणून दाराबाहेर ठेवली, त्यांतली कित्येक रागदारीचीच लेकरे होती. ज्या वर्षी हे निर्बंध आले, त्याच १९५२ साली ‘बैजू बावरा’ पडद्यावर आला. नौशाद यांनी त्यात अमीर खाँ आणि द. वि. पलुसकर यांच्याकडून देसी रागातली जुगलबंदी गाऊन घेतली. विष्णु दिगंबरांच्या या सुपुत्राला आयुष्य फार थोडे लाभले. १९५५ मध्ये ते गेले. त्यांचा स्वर ज्यांनी प्रथम तंबूच्या सिनेमात ऐकला, त्यांची अभिरुची बिघडली म्हणायची काय? १९५५ मध्ये वसंत देसाई यांनी ‘झनक झनक पायल बाजे’चे संगीत दिले. १९५६ च्या ‘बसंत बहार’मध्ये भीमसेन जोशी आणि मन्ना डे समोरासमोर गायले. कथेप्रमाणे जिंकायचे होते मन्ना डे यांना. त्या कल्पनेनेच त्यांना घाम फुटला होता, असे ते पुढे मोकळेपणाने सांगत. गीतमालेत १९५३ साली सर्वांत वर राहिले ते ‘अनारकली’तले लताबाईंचे गाणे. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. मंत्री मराठी आणि त्यांना न जुमानणारे सूरही बरेचसे मराठी, हाही एक योगच.

सगळेच सोने होते असे नाही. त्या दशकातली शेकडो गाणी चित्रपटाबरोबरच विरून गेली, आणि ती विरली ते बरेच झाले.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली. केसकर तेव्हाही मंत्रिपदावर होते. रुसवा संपला, गाणी घरी आली. तीही स्वच्छ, खरखरीवाचून. तरीही पुढची अनेक वर्षे बुधवारी रात्री आठ वाजता घरोघरी तो काटा कोलंबोकडेच सरकत राहिला.