मैदानावरचा विद्यार्थी
(वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या समारंभात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. गुणपत्रिकांविषयी आम्ही जन्मभर बोलत आलो. आज मात्र एका हॉकीपटूची हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

मध्यप्रदेशातील इटारसीनजीकच्या खेड्यात वाढलेल्या या मुलाचे नाव विवेक सागर प्रसाद. त्याचा जन्म २००० सालचा. वडील प्राथमिक शिक्षक, म्हणजे आमच्याच पेशाचे. मुलाने अभियंता व्हावे अशी त्यांची इच्छा. खेळ त्यांस मंजूर नव्हता. मुलगा चोरून खेळे आणि आई व थोरला भाऊ त्यास पाठीशी घालीत. पुढे आपल्या अकोल्यातील एका स्पर्धेत ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार यांची दृष्टी त्याजवर पडली. १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानवर विजयी गोल करणारे ते हेच अशोककुमार. मुलगा भोपाळच्या राज्य हॉकी अकादमीत दाखल झाला.

२०१५ साली त्याच्या खांद्याजवळचे हाड मोडले आणि दुखणे विकोपास जाऊन प्राणावर बेतले. परंतु तो उठला, पुन्हा मैदानात उतरला. २०१७ साली जोहोर चषक स्पर्धेत तो कनिष्ठ संघाचा कर्णधार होता. जानेवारी २०१८ मध्ये, अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, तो वरिष्ठ संघातून खेळला. त्याच वर्षी चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाशी बरोबरी साधणारा गोल त्याचाच होता. २०२१ साली टोकियोत अर्जेंटिनाविरुद्ध त्याने गोल केला आणि एकेचाळीस वर्षांनंतर भारतास हॉकीचे ऑलिंपिक पदक लाभले.

आम्हांस विशेष वाटते ते यापुढचे. पदक गळ्यात पडल्यावर काही महिन्यांतच हा युवक पुन्हा कनिष्ठांचा कर्णधार होऊन भुवनेश्वरच्या विश्वचषकात उतरला. तेथे संघ चौथा आला, पदक हुकले. वर चढलेल्याने खाली येऊन धाकट्यांबरोबर हार सोसावी, हे शिक्षण कोणत्या इयत्तेत मिळते? २०२४ साली पॅरिसमध्ये पुन्हा कांस्यपदक मिळविणाऱ्या संघात तो होताच.

बंधुभगिनींनो, ही हकीकत आम्ही प्रथम वाचली तेव्हा आम्हांस लाज वाटली. आमचे चिरंजीवही शाळेच्या संघातून हॉकी खेळत. दहावीच्या वर्षी आम्ही त्यांची स्टिक काढून घेतली व माळ्यावर टाकली. परीक्षा झाल्यावर देऊ, असे वचन दिले होते. परीक्षा झाली, ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले, आज चांगल्या नोकरीत आहेत. स्टिक मात्र आम्ही दिली नाही आणि त्यांनीही मागितली नाही. गेल्या दिवाळीत माळा आवरताना ती सापडली. चिरंजीवांनी ती हातात घेतली, क्षणभर तोलून पाहिली आणि म्हणाले, "अण्णा, आता ही आखूड पडते." त्यांच्या बोलण्यात रोष नव्हता. असता तर आम्हांस बरे वाटले असते.

ते मोठे खेळाडू झाले असते, असा आमचा दावा नाही. प्रत्येक मुलगा टोकियोस जात नाही. परंतु दिलेले वचन शिक्षकाने मोडले, ही गोष्ट उरतेच.

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. आपले मंडळ दरवर्षी गुणवंतांस पारितोषिके देते, ती केवळ परीक्षेतील गुणांवर. यापुढे एक पारितोषिक मैदानावरील मुलास अथवा मुलीस द्यावे. प्रारंभासाठी आम्ही आमचे एका महिन्याचे निवृत्तिवेतन आजच कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहोत. आणि ज्यांच्या घरी माळ्यावर अशी एखादी वस्तू असेल, त्यांनी ती मूल मोठे होण्यापूर्वी खाली काढावी, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.