बाबा रोज चालतात, मग बीपी कशाला मोजायचा?

आज घरचीच गोष्ट सांगतो. माझे बाबा बावन्न वर्षांचे, हिंगणा एमआयडीसीत नोकरीला. ड्युटी कुठलीही असो, वेणा नदीकडे रोज तासभर चालणं ठरलेलं. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "मला काय झालंय? तुझ्या आधी जिना चढतो मी!" खरंच चढायचे. धाप मलाच लागायची.

दिवाळीच्या सुट्टीत आजीसोबत आरोग्य केंद्रात गेले, सहज बीपी मोजला. १६८/१०४! पुन्हा दोनदा वेगळ्या दिवशी मोजला, तेवढाच. त्रास मात्र काहीच नाही. बीपीचं हेच वाईट, बहुतेकदा तो कळतच नाही, आणि आत हृदय, मेंदू, मूत्रपिंडावर ताण वाढत राहतो.

आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं हवंच. त्यानं बीपी, साखर आटोक्यात राहायला मदत होते. पण चालणं म्हणजे तपासणी नाही. तिशीनंतर ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आणि चालताना छातीत दाब आला तर 'गॅस असेल' म्हणू नका. थांबा, १०८ लावा.

बाबा आजही चालतात. फक्त आता गोळी चुकवत नाहीत.

हा भाग संपला की घरी फोन लावा. एवढंच विचारा, "बाबा, बीपी शेवटचा कधी मोजला?" आईलाही विचारा बरं!